डोंगर, वारा आणि बिनइंजिनाचे विमान

नाशिकहून त्र्यंबकेश्वरकडे निघाले की सुमारे वीस किलोमीटरवर डाव्या हाताला अंजनेरीचा डोंगर उभा राहतो. मार्च-एप्रिलच्या दुपारी, कडा तापू लागल्यावर आणि पश्चिमेचा वारा सुटल्यावर त्याच्या काळ्या भिंतीसमोर कधी कधी एखादे गिधाड दिसते. पंखांचा विस्तार दोन मीटरांहून अधिक आणि वजन साडेपाच-सहा किलो. एवढा भार घेऊन ते कड्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाते, सावकाश वळते आणि परत येते. या साऱ्या येरझाऱ्यांत पंख बहुधा एकदाही हलत नाहीत. पाहणाऱ्याची मान दुखू लागते, पण पक्षी थकलेला दिसत नाही.

हा काही चमत्कार नव्हे. या उड्डाणाचा हिशेब कागदावर मांडता येतो. तोच हिशेब समजून घेऊन जगभर अनेक माणसे टेकडीच्या काठावर उभी राहतात, हातातले बिनइंजिनाचे छोटे विमान वाऱ्यात सोडतात आणि रेडिओच्या साहाय्याने ते तासन्‌तास तरंगत ठेवतात. या छंदाला इंग्रजीत ‘स्लोप सोअरिंग’ म्हणतात. मराठीत त्याला ‘उतारावरचे तरण’ म्हणता येईल. नाशिक जिल्ह्याला सह्याद्रीने इतके कडे आणि उतार दिले आहेत की या छंदाची ओळख इथल्या घरांना व्हायला हवी. मात्र त्याच्या मर्यादांची ओळखही त्याबरोबरच व्हायला हवी, कारण ज्या हवेत हे विमान सोडायचे त्या हवेचा पहिला धनी दुसराच कोणी आहे.

प्रथम हिशेब पाहू. सपाट जमिनीवरून वाहणारा वारा डोंगरासमोर आला की त्याला पुढे जायला वाट उरत नाही. तो उताराला धरून वर चढतो. वाऱ्याचा वेग ताशी २० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला साधारण साडेपाच मीटर असेल आणि उताराचा कोन ३० अंशांचा असेल, तर उताराला समांतर वाहणाऱ्या त्या हवेचा ऊर्ध्व दिशेचा वेग सेकंदाला जवळजवळ पावणेतीन मीटर भरतो. इकडे कोणतेही ग्लायडर स्थिर हवेत सतत खाली येतच असते. ते पुढे सरकते तेच मुळी थोडी उंची खर्च करून. चांगले हलके मॉडेल सेकंदाला अर्धा ते एक मीटर या गतीने खाली उतरते. हवा त्याला पावणेतीन मीटर वर नेत असेल आणि ते स्वतः एक मीटर खाली येत असेल, तर दर सेकंदाला पावणेदोन मीटर उंची शिल्लक पडते. हवा जेवढी जमा करते त्याहून खर्च कमी असेल तोवर विमान खाली येत नाही. इंजिनाविना उड्डाणाचे सारे रहस्य या दोन ओळींच्या खातेवहीत आहे.

याच खात्याची आणखी एक बाजू आहे. उंची ही जणू मुदत ठेव आणि वेग म्हणजे हाती असलेली रोकड. नाक खाली केले की उंची मोडून वेग मिळतो, नाक वर केले की वेग देऊन उंची मिळते. प्रत्येक देवघेवीत हवेचा विरोध थोडी वजावट करतो. नवशिक्या माणसाला वाटते की रिमोटची काडी ओढली की विमान वर जाते. ते वर जाते खरे, पण काही क्षणांपुरतेच. रोकड संपली की पंखांखालची हवा साथ सोडते आणि विमान दगडासारखे खाली येते. काडी ओढून नवी शक्ती निर्माण होत नाही, असलेल्या शक्तीचे फक्त रूपांतर होते. ज्याला हे उमगले त्याचे अर्धे शिक्षण झाले.

जैन तत्त्वविचारात निमित्तांचे दोन प्रकार सांगितले जातात, प्रेरक आणि उदासीन. ध्वज फडकतो तेव्हा वारा हे प्रेरक निमित्त असते. मासा पोहतो तेव्हा पाणी त्याला ढकलत नाही, केवळ त्याच्या गतीला साहाय्य करते, म्हणून ते उदासीन निमित्त. दृष्टान्तापुरते बोलायचे तर या खेळात वारा प्रेरक आहे आणि डोंगर उदासीन. डोंगर जागचा हलत नाही, काही करत नाही, पण तो नसता तर तोच वारा सरळ निघून गेला असता आणि विमान दोन मिनिटांत जमिनीवर उतरले असते. शिवाय ज्या वाऱ्याच्या जिवावर हा खेळ चालतो तो वारा जैन दृष्टीने निर्जीव नाही, वायुकाय जीवांचा तो समूह आहे. म्हणून हा छंद पूर्णतः निष्पाप आहे असा दावा कोणी करू नये. तो इंधन जाळत नाही, धूर सोडत नाही, आवाज जवळजवळ करत नाही, एवढेच त्याच्या बाजूने म्हणता येते. घोंघावणाऱ्या यंत्रांच्या काळात तेही थोडे नाही.

माणूस ही विद्या पक्ष्यांकडून शिकला. जर्मनीतील ऑटो लिलिएंथाल या अभियंत्याने आपल्या भावासह वर्षानुवर्षे करकोच्यांच्या उड्डाणाचे निरीक्षण केले आणि १८८९ साली पक्ष्यांच्या उड्डाणावर ग्रंथ प्रसिद्ध केला. १८९१ पासून तो स्वतः बनवलेल्या पंखांनी टेकड्यांवरून झेप घेऊ लागला. सोयीची टेकडी जवळ नव्हती म्हणून १८९४ साली त्याने बर्लिनजवळ सुमारे १५ मीटर उंचीची कृत्रिम टेकडीच रचून घेतली. पाच वर्षांत त्याने सुमारे दोन हजार उड्डाणे केली. ९ ऑगस्ट १८९६ रोजी हवेच्या एका झोक्यात त्याचे ग्लायडर थबकले, ते कोसळले आणि दुसऱ्या दिवशी त्याचा मृत्यू झाला. त्याच्या लिखाणावरून राइट बंधूंनी प्रेरणा घेतली. त्यांच्या १९०३ च्या इंजिनाच्या विमानाची कीर्ती सर्वांना ठाऊक आहे. पण २४ ऑक्टोबर १९११ रोजी ऑर्व्हिल राइट पुन्हा इंजिनाविना, किल डेव्हिल हिल्स येथील वाळूच्या टेकडीसमोरच्या वाऱ्यात ९ मिनिटे ४५ सेकंद तरंगत राहिला, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही. तो विक्रम जवळजवळ दहा वर्षे टिकला.

तो मोडला जर्मनांनी, आणि त्यामागचे कारण विचार करण्यासारखे आहे. पहिल्या महायुद्धातील पराभवानंतर व्हर्सायच्या तहाने जर्मनीवर विमानांबाबत कडक निर्बंध लादले. इंजिनाची वाट बंद झाली तेव्हा तेथील विद्यार्थी १९२० पासून वासरकुप्पे या सुमारे ९५० मीटर उंचीच्या डोंगरावर जमू लागले आणि वाऱ्यावर उडण्याचा अभ्यास करू लागले. ऑगस्ट १९२२ मध्ये हानोव्हरच्या विद्यार्थ्यांनी बनवलेल्या ‘व्हँपायर’ या ग्लायडरने प्रथम एका तासाहून अधिक आणि त्याच महिन्यात तीन तास उड्डाण केले. साधने काढून घेतली गेली म्हणून ज्ञान वाढले, अशी उदाहरणे इतिहासात विरळाच. परिग्रह कमी केल्याने दृष्टी तीक्ष्ण होते, हे सांगायला याहून चांगला दाखला शोधण्याची गरज नाही. मात्र त्याच विद्येचा उपयोग पुढे नव्या युद्धाच्या वैमानिकांची तयारी करण्यासाठी झाला, हेही विसरता येत नाही. ज्ञान मिळवणे एक आणि त्याला व्रताची वेसण घालणे दुसरे.

आपल्याकडे माणसाला घेऊन उडणाऱ्या ग्लायडरचे प्रशिक्षण पुण्यात हडपसरच्या ग्लायडिंग केंद्रात होत आले. कामशेत आणि पाचगणीच्या डोंगरांवर पॅराग्लायडर उडतात तेही उतारावरच्या याच वाऱ्यावर. राष्ट्रीय छात्र सेनेच्या वायुदल विभागात विमानांच्या प्रतिकृती बनवण्याचे शिक्षण दिले जाते, आणि अनेक मुलांनी बाल्सा लाकडाचा तो हलका तुकडा प्रथम तिथेच हाती घेतलेला असतो. रेडिओवर चालणारे उतारावरचे ग्लायडर हा या सर्वांचा धाकटा भाऊ.

त्याची रचना अगदी साधी असते. साधारण एक ते दीड मीटर लांबीचे पंख, पुष्कळदा ईपीपी नावाच्या लवचिक फोमचे. हा फोम आपटला तरी फुटत नाही, दबतो आणि पुन्हा पूर्ववत होतो. म्हणून शिकणाऱ्याने बाल्सापेक्षा तोच घ्यावा. आत एक रिसीव्हर, एक लहान बॅटरी आणि दोन सर्व्हो, म्हणजे पंखांच्या किंवा शेपटीच्या पट्ट्या हलवणाऱ्या छोट्या मोटरी. पंखा नाही, इंजिन नाही. बॅटरी लागते ती केवळ या पट्ट्या हलवण्यापुरती. घरून निघण्यापूर्वी विमान दोन बोटांवर तोलून पाहायचे असते. साध्या सरळ पंखाच्या विमानात पंखाच्या रुंदीच्या पुढून पाव ते एक तृतीयांश अंतरावर तोल साधला पाहिजे. शेपटी जड असेल तर विमान काबूत राहत नाही. नाक थोडे जड असले तर फार बिघडत नाही. अनुभवी मंडळी मुलांना हेच पहिल्यांदा शिकवतात, कारण तोल न पाहता फेकलेले विमान दुसऱ्यांदा फेकण्याची वेळ सहसा येत नाही.

टेकडीवर पोहोचल्यावर आधी अर्धा तास काहीच करायचे नसते. गवत कुठे झुकते आहे ते पाहायचे. चिमूटभर वाळलेले गवत हातातून सोडून ते वर जाते की खाली, हे पाहायचे. वारा उताराला काटकोनात येत असेल तर उत्तम. तो तिरपा असेल तर चढाव कमी मिळतो. आकाशात घार दिसली तर ती कोणत्या बाजूला पंख पसरून थांबते ते लक्षात ठेवायचे. मग विमान वाऱ्याच्या तोंडावर, नाक सरळ किंवा किंचित खाली ठेवून, भाल्यासारखे सरळ सोडायचे. वरच्या दिशेने जोराने फेकण्याचा मोह हा नवशिक्यांचा नेहमीचा अपराध. त्याने वेग लगेच संपतो आणि विमान समोरच्या झुडपात जाते.

हवेत गेल्यावर एकच नियम प्राणांतिक आहे. वळण नेहमी डोंगरापासून दूर, वाऱ्याच्या दिशेने तोंड करून घ्यायचे. डोंगराकडे वळले की वारा पाठीशी येतो, जमिनीच्या सापेक्ष वेग एकदम वाढतो आणि सावरण्याआधी कडा समोर येतो. म्हणून विमान इंग्रजी आठच्या आकड्यासारखे, पण प्रत्येक वळण बाहेरच्या बाजूला घेत फिरवतात. अंजनेरीचे गिधाड नेमके हेच करते. त्याला कोणी शिकवलेले नाही. मोठ्या ग्लायडरच्या वैमानिकांत आणखी एक संकेत आहे. दोघे समोरासमोर आले तर ज्याच्या उजव्या हाताला डोंगर असेल त्याला मार्गाचा हक्क, कारण दुसरा उजवीकडे मोकळ्या हवेत वळू शकतो, याला मात्र तिकडे वळायला जागाच नसते. ज्याला हटणे शक्य आहे त्याने हटावे, हा नियम घरातल्या व्यवहारातही वाईट नाही.

उतरणे हे उडण्यापेक्षा कठीण. सह्याद्रीचे डोंगर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांवर थर साचून बनले. म्हणून इथे उतार, मग सरळसोट कडा, मग सपाट माथा अशी पायऱ्यापायऱ्यांची रचना आढळते. वर चढणारा वारा कड्याच्या धारेवरून सुटतो तेव्हा माथ्यावर मागच्या बाजूला तो उलटा गोल फिरतो. त्या भोवऱ्यात सापडलेले विमान क्षणात जमिनीवर आपटते. गोल माथ्याची, गवताची, हळूहळू उतरत जाणारी टेकडी म्हणूनच शिकायला सर्वांत चांगली. उंच कड्याचे आकर्षण मोठे असते, पण विमान आणि माणूस या दोघांसाठीही तो नवशिक्याचा नव्हे.

या खेळाची स्पर्धात्मक बाजूही आहे. आंतरराष्ट्रीय हवाई क्रीडा महासंघाच्या ‘एफ-३-एफ’ या प्रकारात उतारासमोरच्या १०० मीटरच्या पट्ट्यात दहा फेऱ्या, म्हणजे एक किलोमीटर अंतर, कमीत कमी वेळात कापायचे असते. चांगल्या वाऱ्यात कुशल खेळाडू ते चाळीस सेकंदांच्या आत पूर्ण करतात. त्याची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा २०१२ साली जर्मनीत झाली. डोंगरामागच्या संथ हवेत आणि वरच्या वेगवान वाऱ्यात आळीपाळीने गोल फिरून वेग वाढवत नेण्याची एक अतिधाडसी रीतही आहे. समुद्रावरचे अल्बॅट्रॉस पक्षी अशाच रीतीने उडतात. जानेवारी २०२१ मध्ये कॅलिफोर्नियात स्पेन्सर लिझनबी या खेळाडूच्या बिनइंजिनाच्या मॉडेलने या रीतीने ताशी सुमारे ८८२ किलोमीटर वेग गाठला, म्हणजे प्रवासी जेट विमानाच्या बरोबरीचा. हे वाचून मुलांचे डोळे विस्फारतील. परंतु ज्या वडीलधाऱ्यांना मुलाचा हात धरून टेकडीवर जायचे आहे त्यांनी ताशी तीस-चाळीस किलोमीटरवर समाधान मानावे.

नाशिकच्या ऋतुचक्रात या छंदाचे दिवसही ठरलेले आहेत. उन्हाळ्याच्या उत्तरार्धात दुपारनंतर पश्चिमेचा वारा जोर धरतो, तेव्हा पश्चिमेकडे तोंड असलेले उतार काम देतात. पावसाळ्यात तो वारा सर्वाधिक स्थिर असतो, पण तेव्हा ढग खाली येतात, दगड निसरडे होतात आणि प्रत्येक पावलाखाली नवा जीव उगवलेला असतो. साधु-साध्वी ज्या कारणासाठी चातुर्मासात विहार थांबवतात त्याच कारणासाठी श्रावकानेही त्या महिन्यांत केवळ करमणुकीसाठी गवत तुडवीत फिरू नये, हे बरे. हिवाळ्यात वारा पूर्व आणि ईशान्येकडे फिरतो. मग पूर्वेकडचे उतार शोधावे लागतात. सकाळचे कोवळे ऊन, स्वच्छ हवा आणि घरून आणलेला डबा सूर्यास्तापूर्वी संपवून परत येण्याइतके अंतर. कुटुंबासाठी हाच काळ सर्वांत सोयीचा.

आता मर्यादांकडे वळू. नाशिकचे आकाश मोकळे दिसते, पण ते मोकळे नाही. १९६४ साली स्थापन झालेला हिंदुस्थान एअरोनॉटिक्सचा विमान कारखाना ओझरला आहे, देवळालीला तोफखान्याचे प्रशिक्षण केंद्र आहे, गांधीनगरला लष्कराच्या हवाई दलाचा तळ आहे. केंद्र सरकारचे ड्रोन नियम २०२१ पासून लागू आहेत. इंजिन नसले तरी दूरनियंत्रित ग्लायडर त्यांच्या कक्षेत येते. शिक्षण किंवा करमणुकीसाठी वापरलेले, २५ किलोपर्यंत वजनाचे आणि नजरेच्या टप्प्यात ठेवलेले विमान या नियमांत ‘मॉडेल’ मानले आहे. हरित पट्ट्यात साधारणतः ४०० फुटांपर्यंत, विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंत मुभा आहे. त्याहून जवळ किंवा लाल पट्ट्यात परवानगीशिवाय काहीही उडवता येत नाही. ‘डिजिटल स्काय’ या सरकारी संकेतस्थळावर पट्ट्यांचा नकाशा आहे. तो पाहणे, आपल्या विमानाच्या वजनानुसार नोंदणीचा नियम तपासणे आणि पोलिसांचे त्या काळातले आदेश विचारून घेणे, ही तीन कामे टेकडी चढण्यापूर्वीची आहेत.

जैन गृहस्थाला ही कल्पना नवी नाही. बारा व्रतांतील दिग्व्रत म्हणजे दहाही दिशांना आपल्या वावराची सीमा स्वतःहून आखून घेणे. त्या दहा दिशांत ऊर्ध्व दिशाही मोजली जाते, आणि वर, खाली वा तिरपी सीमा ओलांडणे हा त्या व्रताचा अतिचार मानला जातो. विमानाचा शोध लागण्याच्या कितीतरी शतके आधी माणसाने वरच्या दिशेलाही मर्यादा घालावी, असा विचार झाला होता. चारशे फुटांचा नियम दंडाच्या भीतीने पाळला तर तो कायदा. आपली सीमा आपणच आखली म्हणून पाळला तर ते व्रत.

परंतु कायद्याने मुभा दिली तरी एक ठिकाण उरते जिथे विमान सोडू नये, आणि ते म्हणजे नेमका अंजनेरीसारखा कडा. तिथे लांब चोचीच्या भारतीय गिधाडांची वस्ती आहे. ही गिधाडे कड्याच्या कपारीत घरटी करतात. हिवाळ्याच्या सुरुवातीला मादी एकच अंडे घालते. सुमारे पन्नास दिवस आईबाप आळीपाळीने ते उबवतात, आणि पिल्लू उडू लागेपर्यंत उन्हाळा आलेला असतो. म्हणजे उड्डाणासाठी जो सुखाचा काळ, तोच त्यांच्या घरट्यांचा काळ. त्यांच्या उंचीवर, त्यांच्याच हवेत एखादे अनोळखी पंख असलेले यंत्र फिरू लागले आणि उबवणारा पक्षी घाबरून उठला, तर उघड्या अंड्याला ऊन आणि कावळे दोन्ही पुरेसे होतात. एका वर्षाचे एकच अंडे, आणि जन्मलेल्या पिल्लाला वयात यायला सुमारे पाच वर्षे. इतक्या मंद गतीने भरणाऱ्या खात्यातून एकही रक्कम चुकून काढणे परवडणारे नाही.

या पक्ष्याचे खाते आधीच जवळजवळ रिकामे झालेले आहे. १९९० च्या दशकापासून भारतातील गिधाडे झपाट्याने नाहीशी होऊ लागली. लांब चोचीच्या गिधाडांची संख्या ९५ टक्क्यांहून अधिक घटली. कारण शोधायला वेळ लागला. २००४ साली ते सिद्ध झाले. डायक्लोफिनॅक हे गुरांना दिले जाणारे वेदनाशामक औषध मृत जनावराच्या मांसातून गिधाडाच्या पोटात जाई आणि त्याची मूत्रपिंडे निकामी करी. २००६ मध्ये गुरांसाठी त्यावर बंदी आली, २०१५ मध्ये माणसांसाठीच्या इंजेक्शनच्या बाटलीचा आकार तीन मिलीलिटरपुरता मर्यादित केला गेला, २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि अॅसिक्लोफिनॅक या आणखी दोन औषधांवर गुरांसाठी बंदी आली. मेलॉक्सिकॅम हे गिधाडांना निर्धोक असलेले औषध उपलब्ध आहे.

पांजरापोळांना पिढ्यान्‌पिढ्या दान देत आलेल्या समाजाने या घटनाक्रमाकडे विशेष लक्ष द्यावे. म्हाताऱ्या, आजारी गाईची वेदना कमी व्हावी म्हणून ते औषध दिले जाई. देणाऱ्याच्या मनात करुणाच होती. पण त्या करुणेला ज्ञानाची जोड नव्हती, आणि त्यातून एका संपूर्ण जातीचा जवळजवळ अंत झाला. ‘पहिले ज्ञान, मग दया’ असा जो क्रम आगमांनी सांगितला आहे त्याचे इतके जळजळीत उदाहरण आपल्याच काळात, आपल्याच जिल्ह्याच्या आकाशात घडले. जिथे जिथे आपली वर्गणी जाते तिथे गुरांना कोणते औषध दिले जाते, एवढा एक प्रश्न विचारणे कुणालाही शक्य आहे. नाशिक जिल्ह्यातच हरसूलजवळ खोरीपाडा येथे वन विभाग आणि गावकऱ्यांनी गिधाडांना निर्विष अन्न मिळावे म्हणून खास जागा राखली. ज्यांच्या घरी चार पैसे नाहीत त्या आदिवासी गावाने हे केले, याची नोंद घ्यायला हवी.

बारा व्रतांतील आणखी एक व्रत इथे आठवते, अनर्थदंड-विरमण. उपजीविकेसाठी, स्वयंपाकासाठी, घरासाठी होणारी हिंसा गृहस्थाला संपूर्ण टाळता येत नाही. पण ज्यातून काहीच साधत नाही अशी, केवळ बेसावधपणे होणारी हिंसा त्याला नक्की टाळता येते. त्यालाच प्रमादाचरण म्हटले आहे. छंदातून होणारी हिंसा या वर्गातली. येवल्याच्या संक्रांतीत तीन दिवस आकाश पतंगांनी भरते. आसारीवरचा दोरा आणि हलकडीचा ताल ही त्या गावाची शान आहे. परंतु त्याच सणात नायलॉन मांजाने किती पंख आणि किती गळे कापले जातात हे प्रत्येक पक्षिमित्राला ठाऊक आहे. २०१७ साली राष्ट्रीय हरित लवादाने देशभर त्यावर बंदी घातली. तरी तो दरवर्षी सापडतोच. पतंग हा दोष नव्हे, मांजा हा दोष. ग्लायडर हाही दोष नव्हे. चुकीच्या कड्यासमोर, चुकीच्या महिन्यात ते सोडणे हा दोष.

या भागाशी गिधाडाचे नाते जुने आहे. इगतपुरी तालुक्यातील टाकेद येथे जटायू पडला, अशी लोकांची श्रद्धा आहे. जैन रामकथेत जटायूचे स्थान आणखी वेगळे आहे. दंडकारण्यात राम आणि सीता दोन मुनींना आहारदान देत असताना ते दृश्य पाहून एका गिधाडाला पूर्वजन्माचे स्मरण होते. मुनींच्या उपदेशाने ते श्रावकाची व्रते घेते आणि राम-सीतेच्या सहवासात राहते. मृत मांसावर जगणारा पक्षी व्रतधारी होऊ शकतो, असे सांगणारी ही कथा आहे. त्याच पक्ष्यासमोर मनुष्याने आपल्या खेळाला मर्यादा घालावी, ही अपेक्षा मोठी म्हणता येणार नाही. म्हसरूळचे गजपंथ आणि बागलाणातील मांगीतुंगी या सिद्धक्षेत्रांच्या उतारांवरही वारा असाच वर चढतो. तिथेही आकाश पाहावे, विमान सोडू नये. यात्रेकरूंच्या डोक्यावरून काही उडवणे धोक्याचे तर आहेच, शिवाय त्या डोंगरांवर माणसे वेगळ्या प्रकारची उंची शोधायला गेली होती.

मग उडवावे कुठे? गावाबाहेरची, वहिवाटीची नसलेली, गवताची बुटकी टेकडी पुरते. मालकाची संमती घ्यावी. कपारी आणि कडे नसावेत. विजेच्या तारा नसाव्यात. एकाने रिमोट धरावा, दुसऱ्याने फक्त आकाशावर लक्ष ठेवावे, आणि मोठा पक्षी जवळ येताच विमान दूर नेऊन उतरवावे. ईर्यासमितीत चालताना पुढची जमीन पाहून पाऊल टाकायचे असते. इथे पुढची हवा पाहून विमान टाकायचे, एवढाच फरक. मुलांना हे सांगताना उपदेशाचा सूर लागत नाही, कारण खेळाचे नियमच तसे आहेत. थांबून पाहा, वारा ओळखा, डोंगरापासून दूर वळा, दुसऱ्याला वाट द्या, शिल्लक असताना उतरा. मोबाइलच्या पडद्यावरचा खेळ यातले काहीच शिकवत नाही.

अंजनेरीच्या पायथ्याशी यादवकालीन जैन मंदिरांचे अवशेष आहेत. त्यांतील एका शिलालेखात शके १०६३ मध्ये, म्हणजे इसवी सन ११४१ च्या सुमारास, चंद्रप्रभ तीर्थंकरांच्या मंदिरासाठी काही दुकानांचे उत्पन्न लावून दिल्याची नोंद आहे. देणाऱ्याने हिशेबी माणसासारखा विचार केला होता. मूळ भांडवल तसेच राहावे आणि त्याच्या उत्पन्नावर पूजा चालत राहावी, अशी ती व्यवस्था. दुकाने गेली, मंदिरांची पडझड झाली, पण विचार जुना झाला नाही. डोंगरावरचा वारा हे उत्पन्न आहे. ते हवे तितके घ्यावे, उद्या पुन्हा येईल. कपारीतले अंडे हे भांडवल आहे. त्याला हात लावू नये.

त्या अवशेषांशेजारी उभे राहून वर पाहिले तर दुपारच्या उन्हात कड्यासमोर एक ठिपका सरकताना अजूनही दिसतो. कड्याच्या टोकाशी तो बाहेरच्या बाजूला वळतो आणि परत येतो.